आगु

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर सतरा.
एप्रिलची दुपार, पत्रा तडतडतोय.
टॉवेलच्या मागांचा आवाज असा
की बोलणं ओठांवरून वाचावं लागतं.

काट्याच्या पाठीला नऊ पिनांचं एक तोंड आहे.
बसवल्यापासून कुणी त्यात काही घातलेलं नाही.
फुंकर मारली तर सुताची तूस निघाली, एक मेलेली मुंगी,
आणि वर कुंकवाचं वाळलेलं बोट,
दर दसऱ्याचं, थरावर थर.

नवी पेठेतून आणलेली वायर जोडली,
लॅपटॉप कांडीच्या रिकाम्या पेटीवर ठेवला.
काटा पहिल्यांदा बोलला तो असा:
चौकोन, चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह, आणि एक मोडका य.
अंबय्या म्याकल चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"काय बे हे? बाधा झाली काय याला?"
नाही काका, तो सावकाश बोलतोय,
मी भरभर ऐकतेय.
शहाण्णवशेवरून चोवीसशेवर उतरले
आणि पडद्यावर आलं, सरळ, स्वच्छ:
अधिक, शून्य, शून्य, बारा पूर्णांक अडतीस.
काका हसले. रजिस्टर मिटलं नाही मात्र.

मग तीन दिवस स्क्रिप्ट खोटं बोलत राहिली.
टोपली टेकायच्या आत वजन उचलायची,
कधी नऊ किलो, कधी अर्धीच ओळ, दशांशावर तुटलेली.
जमीनच हलते इथे. सोळा माग एका दमात ठोकतात,
काटा ठरेल कसा?
काकांचा कसा ठरतो, ते बघत बसले.
राजव्वा टोपली ठेवते, हात काढते.
काका तळहात हवेत धरतात,
ओठ हलतात: आगु.
थांब. एवढंच.
मग मान डोलते, पेन चालतं.
मोबाइलवर मोजलं. चाळीस टोपल्या मोजल्या.
दोन पूर्णांक आठ सेकंद,
टोपली कुणाचीही असो.

स्क्रिप्टमध्ये थांबायची ओळ घातली.
त्या आकड्याला नाव द्यावं लागतं. दिलं: आगु.
तेव्हापासून एकही ओळ तुटली नाही.

शनिवारी रजिस्टर आणि फाइल शेजारी शेजारी लावली.
माझं बारा अडतीस, त्यांचं बारा चाळीस.
माझं नऊ एकसष्ट, त्यांचं नऊ सत्तर.
कांडी भरणाऱ्या बायकांच्याच पानावर,
आणि प्रत्येक वेळी वरच.
मालकाच्या सुताच्या गोण्या मात्र ग्रॅमला ग्रॅम.
विचारलं, काका, हे?
त्यांनी तोंड मागाकडे फिरवलं.
या शेडमध्ये तोंड फिरवलं
की वाक्य संपतं.

रात्री घरी, शास्त्रीनगरात, पंख्याखाली
कडक भाकरी चटणीत मोडत
मी ती ओळ तीनदा लिहिली, दोनदा पुसली.
यंत्राला वर ढकल म्हणणं सोपं आहे,
एका शब्दाचं काम.
पण माणूस वर ढकलतो तेव्हा त्याच्याजवळ चष्मा असतो,
वय असतं, पेन अडलं म्हणायची सोय असते.
माझ्या ओळीला काय असेल?
मालकाचा मुलगा पुण्यात हेच शिकतोय.
उघडेल कधीतरी. वाचेल.
अम्मी म्हणाली, "झोप ताहेरा, कुणाचं वजन करतेयस एवढं?"

आता काका फक्त सकाळी येतात,
काट्याला कुंकू लावून खुर्चीत बसतात.
पोर्टला लागू देत नाहीत, हे मी बघितलंय.
छोटा प्रिंटर चिठ्ठी ओकतो,
राजव्वा ती उलटीसुलटी करून कनवटीला खोचते.
आकडा शून्यावर संपलेला असतो.

पण अजूनही टोपली ठेवली की
तिचा हात हवेत राहतो,
कुणीतरी काहीतरी म्हणेपर्यंत.
दोन पूर्णांक आठ सेकंद
ती पडद्याकडे नाही,
खुर्चीकडे बघते.